बिराजदारांची कामगिरी: निरंक

लग्नकार्यात कुणीतरी माझी ओळख करून देतं, "ह्या माने मॅडम. मिलिटरीत होत्या." समोरचा माणूस लगेच ताठ बसतो आणि मला सरहद्दीवरची परिस्थिती विचारतो. मी सांगते की सरहद्द मी फक्त नकाशात पाहिली आहे. त्याचा चेहरा उतरतो आणि तो जिलेबीकडे वळतो. नोकरीत होते तेव्हापासून हे चालू आहे. निवृत्त झाल्यावर थांबेल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही.

तर आधी खुलासा. संरक्षण खात्यात वर्दी नसलेली माणसंही असतात आणि ती बरीच असतात. जवानाच्या अंगावर ब्लँकेट पडायच्या आधी ते अशा बिनवर्दीच्या कितीतरी हातांतून गेलेलं असतं. कुणी ते तपासतो, कुणी शिक्का मारतो, कुणी गठ्ठा बांधतो आणि कुणी तो गठ्ठा सांभाळत बसतो. आमचा डेपो अशा कापडाचा होता. ब्लँकेटं, चादरी, तंबूंची कनात, लोकरी मोजे. सोलापूर शहर संपल्यावर बाभळींची एक रांग लागते, तिच्यामागे पत्र्याच्या लांबलचक शेड होत्या आणि शेवटच्या शेडला लागून आमचं ऑफिस.

मी आस्थापना शाखेत होते. माणूस कामाला लागला की त्याचं सेवापुस्तक उघडायचं आणि तो निवृत्त झाला की मिटायचं, हे आमचं काम. मधल्या काळात बढती, बदली, रजा, वेतनवाढ, दवाखान्याची बिलं आणि वारसदाराचं नाव. डेपोत कुणाची सासू आजारी आहे हे डॉक्टरांच्या आधी मला कळायचं. माझे वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. ते म्हणायचे, "आमी लोखंड सरळ करतो, तू माणसं कर." माणसं सरळ होत नाहीत, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. त्यांची फाईल तेवढी सरळ ठेवता येते.

बाहेरच्यांना गंमत वाटेल, पण आमच्याकडे बढती आली की लोक लपून बसत. बढतीबरोबर बदलीचा हुकूम यायचा, तोही नावसुद्धा नीट उच्चारता न येणाऱ्या गावचा. तंबू दुरुस्त करणारे मेहबूबभाई बढतीचं पत्र पाहून माझ्या टेबलासमोर हात जोडून उभे राहिले. "मेरेकू परमोशन नक्को जी, मॅडम. इधरिच तंबू सीने देव." मग मी त्यांच्या वतीने 'कौटुंबिक अडचणीमुळे बढती नाकारत आहे' असा अर्ज लिहिला. त्यांची कौटुंबिक अडचण म्हणजे त्यांचं शिलाई मशीन. त्याच्यापासून लांब राहणं त्यांना जमलं नसतं.

पुढे सुधारणांचे दिवस आले. पहिली सुधारणा म्हणजे अंगठ्याचं हजेरी मशीन. ते ऑफिसातल्या सगळ्यांना झटकन ओळखायचं. आयुष्यभर कनात शिवून बोटं गुळगुळीत झालेल्या मेहबूबभाईंना मात्र ते रोज परका माणूस समजायचं. जो जास्त राबला तो मशीनच्या लेखी गैरहजर. मी वर कळवलं तेव्हा दिल्लीहून उत्तर आलं की कर्मचाऱ्यांनी अंगठे स्वच्छ ठेवावेत. मी मशीनशेजारी खोबरेल तेलाची बाटली टांगली आणि हजेरी पुष्कळ सुधारली. व्यवस्थापनातल्या सुधारणेत माझं स्वतःचं योगदान विचाराल तर ते एवढंच.

दुसरी सुधारणा मोठी होती. तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

पूर्वी आमच्याकडे गोपनीय अहवाल असायचा. वर्षाअखेरीस साहेब प्रत्येकाबद्दल 'चांगला' असं लिहीत आणि कपाट बंद करत. 'उत्कृष्ट' हा शेरा पाळीने फिरायचा. ज्याची बढती जवळ आली असेल तो त्या वर्षी उत्कृष्ट, पुढच्या वर्षी पुन्हा चांगला. यात कुणावर अन्याय व्हायचा नाही आणि कुणाचं भलंही व्हायचं नाही. वर बसलेल्या मंडळींना ते बरोबर वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर बरोबर नव्हतंच. त्यांनी नवी पद्धत आणली आणि प्रयोगासाठी जे डेपो निवडले त्यात आमचा नंबर लागला.

नवी पद्धत समजावायला पुण्याच्या एका सल्लागार कंपनीतून रिद्धिमा नावाची मुलगी आली. हुशार, साधी आणि कामाला वाघ. "मला नुसतं रिद्धिमा म्हणा," असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली आणि तिला रिद्धिमा मॅडम म्हणू लागले. तिने पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं ते थोडक्यात असं. प्रत्येकाने वर्षभरातली आपली कामगिरी स्वतः लिहायची. त्यावर गुण मिळणार. वेतनवाढीचा काही भाग त्या गुणांवर ठरणार. आणि वयाची पंचावन्न वर्षं पूर्ण झालेल्यांपैकी ज्यांचे गुण फार कमी, त्यांना समितीपुढे बोलावून त्यांची नोकरी पुढे चालू ठेवायची की नाही, हे ठरवलं जाणार.

शेवटचं वाक्य ऐकून हॉलमधले पंखे एकदम मोठ्याने वाजायला लागले, म्हणजे बाकी सगळं गप्प झालं.

"स्वतःबद्दल मोकळेपणाने लिहा," रिद्धिमा म्हणाली. "संकोच करू नका. तुम्ही काय चांगलं करता ते तुमच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?"

अंबादास गड्डम उभे राहिले. ते ब्लँकेट तपासनीस. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातले. नुसत्या चिमटीत धरून ब्लँकेटात लोकर किती आणि भेसळ किती ते सांगायचे. तोंडाने तिखट होते.

"मॅडम, सोताचं सोता कसं लिवायचं?" त्यांनी विचारलं. "लगीन जमवायचं असलं तरी पोराचं कौतिक मामा करतोय. पोरगं सोता करत न्हाय की. केलं तर पोरगी देत न्हाईत."

रिद्धिमाने हसून सांगितलं की ही जुनी सवय आहे, ती बदलायला हवी. गड्डम बसले. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. सवय बदलणार नाही असं त्या हॉलमध्ये एकमताने ठरलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये लोक जोडीजोडीने बसू लागले. याचा फॉर्म तो लिही आणि त्याचा हा. शेंगाचटणीचे डबे मध्ये, दोन्ही बाजूंना फॉर्म आणि समोरच्याकडे लग्नाचं स्थळ पाहावं तसं न्याहाळून बघणं. वर्षानुवर्षं शेजारी बसून काम केलेल्या माणसांना एकमेकांचे गुण पहिल्यांदाच शोधायची वेळ आली होती. एकाने लिहिलं, 'माझा आवाज मोठा असल्याने शेडमध्ये माइकचा खर्च वाचतो.' एकाने लिहिलं, 'मला राग येतो परंतु मी तो घरी जाऊन काढतो.' लोडिंगच्या एका हमालाने आपल्या जोडीदाराच्या फॉर्मवर लिहिलं, 'ओझं उचलताना जड बाजू मी घेतो.' त्या जोडीदाराने ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. ती गोष्ट दुसऱ्याला कळली आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

हे सगळे फॉर्म माझ्या टेबलावर येत होते. अक्षर कुणाचं आणि सही कुणाची हे मला न कळायला मी काही काल नोकरीला लागले नव्हते. मी सूचनापत्र पुन्हा काढून वाचलं. सही स्वतःची असावी, एवढंच त्यात होतं. अक्षराबद्दल काही म्हटलेलं नव्हतं. मी ते पत्र पुन्हा फाईलला लावलं आणि चहा मागवला.

आणि मग बिराजदारांचा फॉर्म आला.

शिवलिंगप्पा बिराजदार आमचे फायरमन. मूळ अक्कलकोट भागातले. घरी कन्नड, बाहेर मराठी आणि रागात दोन्ही. पूर्वी डेपोत आगीचं पथक होतं. एकेक माणूस निवृत्त झाला तसं त्याचं पद संपत गेलं आणि शेवटी पथक म्हणजे एकटे बिराजदार उरले. सरकारी भाषेत पद संपतं म्हणजे ते मरतं. माणूस गेला की त्याच्या जागी माणूस येतो, पद गेलं की काही येत नाही.

कापडाच्या डेपोत फायरमनचं काम म्हणजे सगळ्यांशी वाकडं घेणं. बिराजदार ते मनापासून करत. कुणाच्याही खिशातली काडेपेटी काढून घेत. कॅन्टीनवाल्याचा स्टोव्ह त्यांनी दोनदा जप्त केला होता. माझ्या टेबलावरच्या गणपतीपुढची उदबत्तीसुद्धा त्यांनी विझवून नेली. "देवाला वास हवा असंल तर फूल ठिवा," म्हणाले. जप्त केलेली प्रत्येक वस्तू नावाच्या चिठ्ठीसह एका पत्र्याच्या पेटीत ठेवायची आणि तो माणूस निवृत्त होईल त्या दिवशी बांधून त्याच्या हातात द्यायची, ही त्यांनीच पाडलेली रीत. शाल-श्रीफळानंतर बिराजदारांचं पुडकं. आमच्याकडच्या निरोपसमारंभाचा तो ठरलेला भाग होता.

पण अशा माणसाशेजारी डबा उघडून कोण बसणार?

त्यांच्या फॉर्मवर नाव होतं, सही होती आणि कामगिरीच्या रकान्यात एकच शब्द होता, 'निरंक'. सरकारी कागदावर काही नाही असं लिहायचं असलं की आम्ही हा शब्द लिहितो. बिराजदारांची पंचावन्न कधीच ओलांडून झाली होती. धाकटी मुलगी अकलूजला नर्सिंग शिकत होती. हा फॉर्म असाच पुढे गेला असता तर समिती, आणि समितीनंतर घर. शिवाय बिराजदार गेले की फायरमनचं शेवटचं पदही गेलं असतं.

मी त्यांना बोलावलं.

"बिराजदार, हे काय लिहिलंय?"

"खरं हाय ते लिवलंय, मॅडम. वर्षात किती आगी इजवल्या म्हणून इचारलंय. एकबी लागली न्हाय. काय लिवू?"

"तुम्ही लागू दिली नाहीत असं लिहा."

"ते कसं लिवायचं?" त्यांनी गंभीरपणे विचारलं. "मी नसतो तर लागली असती ह्याला पुरावा काय? उद्या सायबानं इचारलं, कुठली आग लागली न्हाय ते दाव, तर काय दावू?"

मी फॉर्म त्यांच्याकडे परत सरकवला.

"मग दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. सगळे घेतायत."

"माज्यासाठी कोण लिवतंय? समद्यांच्या काडेपेट्या माज्या पेटीत हायत." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. शेड बंद केली, एवढं सांगावं तसं सांगितलं आणि गेले.

मला त्यांचा राग आला. माणसाने स्वतःच्या पोटावर पाय आणायचा, तोही इतक्या शांतपणे, याचा मला फार राग येतो. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याबद्दल चार बरे शब्द बोलेल असा माणूस शोधला. सगळे हसून विषय बदलत होते. मग माझ्या लक्षात आलं की चार बरे शब्द बोलणारा नसला, तरी चारशे शब्द बोलणारा एक आहे.

गड्डम आणि बिराजदारांचं बोलणं कित्येक वर्षांपासून बंद होतं. मोठे अधिकारी पाहणीला आले असताना गड्डमांनी घाईत अर्धवट विझलेली बिडी खिशात टाकली होती. बिराजदारांनी सगळ्यांसमोर त्यांच्या अंगावर पाण्याची बादली ओतली. शर्ट मुलाच्या साखरपुड्याला शिवलेला होता. तेव्हापासून दोघं एकाच शेडमध्ये उभे राहून तिसऱ्यामार्फत बोलत. "त्यांना सांगा, वाट सोडा." "त्यांना सांगा, वाट माझी आहे." आणि गड्डम दर थोड्या दिवसांनी माझ्याकडे येऊन बिराजदारांविरुद्ध तक्रार नोंदवून जात.

मी गड्डमांना म्हटलं, "बिराजदारांबद्दल तुमचं काय म्हणणं आहे ते आज सविस्तर सांगा. मी लिहून घेते."

त्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत असं निमंत्रण त्यांना कुणी दिलं नव्हतं. ते खुर्ची ओढून बसले.

"शेडचं कुलूप निघायच्या आत दारात उभा असतंय. आपुन उशिरा आलो असं वाटाय लावतंय."

मी लिहिलं, 'कामावर नियमितपणे वेळेआधी हजर असतो.'

"सायबाचं बी ऐकत न्हाय. मागं पाहुणे सायब शेडमधी शिगरेट काढाय लागले, तर त्येंच्या तोंडातनं काढून घेतली. लाज न्हाय शरम न्हाय."

'नियमांची अंमलबजावणी करताना पदाचा विचार करत नाही.'

"डोस्कं खातंय. एक गोष्ट धा येळा सांगतंय. घरला गेलं तरी कानात त्येचाच आवाज."

'सहकाऱ्यांमध्ये सुरक्षेबाबत सातत्याने जागृती करतो.'

"मॅडम, तुमी बराबर लिवून घ्यालाय न्हवं?"

"अगदी बरोबर," मी म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं.

"आणि सगळ्यात वाईट सांगू? आमी मापून, घडी घालून, शिक्का मारून ठिवलेला गठ्ठा. हे येतंय आणि त्यात कोपरापातूर हात घालतंय. समदी घडी मोडतंय."

"हात कशाला घालतात?"

गड्डमांनी खुर्ची थोडी मागे सरकवली.

"ऊब बगतंय," ते म्हणाले. "ओल लागलेला गठ्ठा आतनं तापतोय. बाहेरनं गार असतोय. धूर दिसला तवर उशीर झालेला असतोय."

मी लिहायचं थांबले. गड्डम माझ्याकडे बघत नव्हते, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते.

"आमच्या नायनांचा कारखाना असाच गेला," ते म्हणाले. नायना म्हणजे वडील. "चार माग होते. बाजूला चिंद्यांची खोली. सणाची सुट्टी हुती, कुलूप हुतं. चिंद्या आतनं तापल्या. परत आलो तर नुसते लोखंडाचे सांगाडे. नायना नंतर दारात बसून असायचे. लोक इचारायचे, आग कशी लागली? ते म्हणायचे, लागली न्हाय, आतच हुती." मग ते म्हणाले, "तितं हात घालणारं कुणी नव्हतं."

मला फार वाईट वाटलं आणि ते दिसू नये म्हणून मी पेनाचं टोपण शोधत बसले. टोपण पेनालाच होतं. या वाक्याला सरकारी भाषेत काय म्हणतात ते मला सुचलं नाही. मी लिहिलं, 'रोज प्रत्येक गठ्ठ्यात हात घालून आतली ऊब तपासतो.'

मग मी त्यांना सगळं वाचून दाखवलं आणि हे कशासाठी आहे ते सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी कागद हातात घेतला, ब्लँकेट बघावं तसा चिमटीत धरला आणि परत दिला.

"माज्या तक्रारीचं काय?" त्यांनी विचारलं.

"ती वेगळी नोंदवते."

"नोंदवा," ते म्हणाले आणि उठले.

बिराजदारांना मी तो फॉर्म घाईत दिला. म्हटलं, ऑफिसने तयार केलाय, सही करा. त्यांनी केली. एरवी हा माणूस कुणाच्या कागदावर न वाचता सही करत नसे, पण आस्थापनेवर सगळ्यांचा विश्वास असतो. मजकूर बरा असला तरी विझवलेल्या आगींचा आकडा शून्यच होता, त्यामुळे त्यांचं नाव समितीच्या यादीत आलंच.

समितीत आमचे कमांडंट साहेब, बाहेरचे एक अधिकारी आणि रिद्धिमा. कागद पुरवायला मी. उकाडा होता म्हणून दार उघडं ठेवलं होतं आणि बाहेरच्या बाकावर पुढच्या नंबराची मंडळी बसली होती. त्यांत गड्डमही होते. गुण पास केलेल्या मालावर मिळत आणि बोटांना दोष शोधायची सवय असल्यामुळे त्यांनी त्या वर्षी इतका माल नापास केला होता की त्यांचे गुण उणे होते की काय, असं वाटावं.

रिद्धिमाने बिराजदारांचा फॉर्म मोठ्याने वाचला. वाचता वाचता तिचा आवाज बदलला. साहेबही पुढे वाकले. सगळं नीट चाललं होतं. बिराजदार ताठ उभे राहून ऐकत होते.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "ह्यात एक सुळ्ळु हाय."

सुळ्ळु म्हणजे कन्नडमध्ये खोटं. खोट्याचा विषय निघाला की बिराजदार कन्नडवर जात.

"रोज समद्या गठ्ठ्यात हात घालतो म्हणून लिवलंय. त्ये हुईत न्हाय. गुडगा दुकतोय. ओल्या दिवसांत रोज, येरवी एक दिवसाआड. दुरुस्त करा."

रिद्धिमा गोंधळली. "पण हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"सही माजी हाय. लिवलं दुसऱ्यानं."

"कुणी?"

बिराजदारांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "ऐकून वळखलं," ते म्हणाले. "पर नाव सांगणार न्हाय. त्येचं बी मार्क जातील."

माझ्या हातातले कागद मी उगीच एकसारखे करू लागले. बिराजदारांची नोकरी त्यांच्याच तोंडाने चालली होती आणि तिच्यापाठोपाठ अख्ख्या डेपोचे फॉर्म जाणार होते. एवढ्यात न बोलावता गड्डम आत आले.

"मी सांगितलं, सायेब," ते म्हणाले.

कमांडंट साहेबांनी समोरची फाईल उलटसुलट केली. "पण तुमची तर यांच्याविरुद्ध कालच तक्रार आली आहे."

"ती बी खरी हाय, सायेब," गड्डम म्हणाले. "आणि हे बी खरं हाय."

मग रिद्धिमाने हळूच विचारलं, "असं आणखी कुणी कुणी केलंय?"

"समद्यांनी. तुमी सोताचं लिवा म्हणला. आमच्यात त्ये चालत न्हाय, हे मी तवाच सांगितलं हुतं की."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की सूचनापत्रात सही स्वतःची हवी एवढाच उल्लेख आहे. तिने मान खाली घातली. बराच वेळ ती वर बघेना. मला वाटलं पोरगी रडते की काय. मग तिचे खांदे हलताना दिसले आणि ती हसते आहे हे कळलं. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी पेन उघडलं, 'रोज' हा शब्द खोडला, बाजूला 'एक दिवसाआड' लिहिलं आणि शेवटी शेरा मारला, 'सेवा पुढे चालू ठेवावी.' बिराजदार सलाम करून गेले. जाताना गड्डमांच्या शेजारून गेले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

गड्डमांच्या फॉर्मवरही तोच शेरा पडला. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण रिद्धिमाने मनापासून अहवाल लिहिला की आपल्या लोकांनी स्वतःहून एक चांगली पद्धत शोधली आहे. वर तो अहवाल आवडला. वर्षभराने परिपत्रक आलं, प्रत्येकाने शेजारच्या सहकाऱ्याचं मूल्यांकन करावं, गुण द्यावेत आणि ते सक्तीचं आहे. झालं. जी गोष्ट लोक चोरून करत होते ती हुकूम म्हणून आल्यावर त्यांनी टाकून दिली. दुसऱ्याला जास्त गुण दिले की आपले कमी होतील, हा हिशेब सगळ्यांना लगेच जमला. जड बाजू कोण उचलतं हे कुणी लिहीना. कॅन्टीनमध्ये डबे पुन्हा वेगवेगळे उघडू लागले. काही दिवसांनी परिपत्रकही बारगळलं आणि मी त्याची फाईल बंद केली. रिद्धिमाचा अजूनही दिवाळीला फोन येतो. ती विचारते, आपलं चुकलं कुठे? मी म्हणते, तुझं काही चुकलं नाही, ते कागदावर मावणारं नव्हतं.

बिराजदार त्यांच्या वेळेला, पूर्ण वयाने निवृत्त झाले. निरोपसमारंभात शाल झाली, श्रीफळ झालं. दोन शब्द बोलायला कुणीतरी उठावं म्हणून साहेबांनी सगळीकडे पाहिलं. कुणी उठेना. मग गड्डम उठले आणि त्यांनी बिराजदारांविरुद्धच्या आपल्या सगळ्या तक्रारी पहिल्यापासून सांगितल्या. कुलूप, सिगरेट, डोकं खाणं, बादली, साखरपुड्याचा शर्ट. मी सुधारलेल्या भाषेत नव्हे, मूळच्या. लोक हसत होते. शेवटी गठ्ठ्यांशी आल्यावर गड्डम मध्येच खाली बसले.

बिराजदार उत्तराला उभे राहिले. "शर्ट नवा नव्हता," एवढंच म्हणाले आणि पत्र्याची पेटी उघडली. आता सांभाळायला कुणी नाही म्हणून त्या दिवशी सगळ्यांची पुडकी एकदम वाटली. मला माझी उदबत्ती मिळाली. मोठमोठी माणसं हातात जुनी काडेपेटी घेऊन लहान मुलांसारखी उभी होती. गेटच्या बाहेर पडेपर्यंत कुणी ती उघडली नाही.

गड्डमांनी आपलं पुडकं खिशात घातलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, त्यांना इचारा, आता गठ्ठे कोण बगणार?"

मी विचारायच्या आधीच बिराजदारांनी सरळ गड्डमांकडे पाहिलं.

"तू बग की," ते म्हणाले.

त्यांचं पद त्याच महिन्यात संपलं. आता आगीचं काम एका कंपनीकडे आहे. त्यांच्या माणसांचा गणवेश छान आहे. ती ठरल्या दिवशी येतात आणि लाल सिलिंडरवरची चिठ्ठी बदलून जातात.

मी निवृत्त झाले त्या दिवशी शेवटचं म्हणून सगळ्या शेडमधून फिरून आले. पावसाळी हवा होती. मधल्या शेडमध्ये गड्डम एका गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालून उभे होते. डोळे मिटलेले. हे त्यांचं काम नाही. कुठल्या फॉर्ममध्ये त्यांनी ते लिहिलं नाही आणि लिहितील असंही वाटत नाही. त्यांचं होईपर्यंत मी थांबले.

"काय गड्डम, ऊब आहे का?"

त्यांनी हात बाहेर काढला, मोडलेली घडी नीट केली आणि पुढच्या गठ्ठ्याकडे वळले.

"न्हाय, मॅडम," ते म्हणाले. "निरंक."